अमेरिकेत घराच्या आवारात घोडा ठेवायचा आहे? आधी झोनिंगचा कागद हातात घ्या

मुलीला घोडेस्वारीचा नाद लागतो. दर महिन्याला दुसऱ्याच्या तबेल्याचं भाडं भरून कंटाळा येतो. मग एक दिवस घराच्या जाहिरातीत ‘हॉर्स प्रॉपर्टी’ हे शब्द दिसतात आणि घरात बैठक बसते. मागे एवढी जागा आहे, मग घोडा इथेच का नको? अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत हा प्रश्न याच क्रमाने येतो, आणि उत्तर शोधण्याचा क्रम मात्र नेमका उलटा होतो. आधी घोडा ठरतो, मग जागा, शेवटी नियम. वरातीमागून घोडं ही आपल्याकडची म्हण. इथे घोडं वेळेआधीच दारात येऊन उभं राहतं आणि वरात नगरपालिकेच्या कचेरीत अडकते.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. झोनिंग, म्हणजे जमिनीचे विभाग पाडून कुठे काय चालेल हे ठरवणं, हा शब्द फक्त ऐकलेला असेल, तरी चालेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. ही परवानगी नावाला घोड्याची असली तरी अधिकाऱ्यांना घोड्यात फारसा रस नसतो. तुमच्या जमिनीचं क्षेत्रफळ, तबेल्यापासून शेजाऱ्याच्या घरापर्यंतचं अंतर आणि लिदीची विल्हेवाट, या तीन गोष्टींभोवती सगळं फिरतं. घोडा किती शांत, किती देखणा, हे कोणी विचारत नाही.

पायरी १: तुमच्या जमिनीवर हुकूम कोणाचा?

घोडा ठेवावा की नाही यावर देशाचा एक कायदा नाही. ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांना जमिनीचे विभाग पाडून वापर ठरवण्याची मुभा मान्य केली. तेव्हापासून हा अधिकार मुख्यतः शहरं, गावं आणि काउंटींकडे आहे. म्हणून रस्त्याच्या अलीकडे चार घोडे चालतात आणि पलीकडे कोंबडीही चालत नाही, असं सर्रास दिसतं.

इथे पहिला चकवा टपालाच्या पत्त्याचा असतो. पत्त्यात शहराचं नाव आहे म्हणजे घर त्या शहराच्या हद्दीत आहे, असं नाही. टपालखात्याची सोय वेगळी, नगरपालिकेची हद्द वेगळी. तुमचं घर शहराबाहेरच्या, थेट काउंटीच्या ताब्यातल्या भागात असेल, तर शहराची नियमावली वाचण्यात घालवलेली संध्याकाळ फुकट जाते. काउंटीच्या असेसरच्या, म्हणजे करासाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाका. तिथे जमिनीचा पार्सल नंबर मिळतो आणि हद्द कोणाची तेही कळतं. हा नंबर लिहून ठेवा, यापुढे प्रत्येक खिडकीवर तोच विचारतील.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनसारख्या शहरात नेहमीच्या अर्थाचं झोनिंगच नाही. पण ‘झोनिंग नाही म्हणजे मोकळं रान’ असं समजू नका. तिथे खरेदीखतातल्या अटी तेच काम करतात आणि जनावरांबद्दलचे नियम वेगळे असतातच.

पायरी २: विभाग कोणता, आणि त्याच्यावर आणखी काही आहे का?

काउंटीच्या किंवा शहराच्या नकाशावर तुमच्या तुकड्यावर एक सांकेतिक अक्षर दिसेल: आर-१, आरए, आरई, ए-१ असं काही. साधारणपणे ‘ए’ शेतीकडे झुकतं आणि ‘आर’ राहण्याकडे, पण एका गावाच्या आरएचा अर्थ दुसऱ्या गावाच्या आरएला लावू नका. मित्राच्या गावात चाललं म्हणून आपल्याकडे चालेल हा हिशेब इथे उपयोगाचा नाही.

मूळ विभागावर कधीकधी दुसरा थर असतो, त्याला ओव्हरले म्हणतात. लॉस एंजेलिस शहरात घोडे पाळण्यासाठी ‘के’ अक्षराचा असा खास थर आहे. कॅलिफोर्नियातलंच नॉर्को हे गाव याचं टोकाचं उदाहरण. १९६४ साली स्वतंत्र झालेलं हे गाव स्वतःला ‘हॉर्सटाउन यूएसए’ म्हणवतं आणि तिथल्या रस्त्यांच्या कडेला फुटपाथऐवजी घोड्यांच्या वाटा आहेत. अशा जागी घर घेतलं तर अर्धी लढाई जिंकलीच. उलट पूररेषा, ओढ्याकाठचा संरक्षित पट्टा, पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचं क्षेत्र हेही थरच असतात, आणि ते घोड्याच्या विरोधात जातात.

पायरी ३: नियमावली वाचा, पण व्याख्यांपासून

बहुतेक गावांची नियमावली इंटरनेटवर फुकट वाचता येते. म्युनिकोड किंवा ईकोड३६० अशा संग्रहांत गावाचं नाव टाकलं की मिळते. थेट ‘हॉर्स’ शब्द शोधून समाधान मानू नका. आधी व्याख्यांचं प्रकरण उघडा. तुमच्या गावात घोडा ‘लाइव्हस्टॉक’ आहे, ‘लार्ज ॲनिमल’ आहे, ‘इक्वाइन’ आहे की आणखी काही, हे तिथे ठरतं. ‘इक्वाइन’ असेल तर गाढव आणि खेचरही त्यात आली. तट्टू आणि छोट्या जातीचे घोडे कुठे धरतात तेही तिथेच बघा. काही ठिकाणी त्यांची गणती पूर्ण घोड्याइतकी होते, काही ठिकाणी कमी. शिंगरू दूध तुटेपर्यंत मोजायचं की नाही, याचंही कलम असू शकतं.

मग वापराचा तक्ता बघा. आडव्या ओळीत उपयोग, उभ्या रकान्यात विभाग. जिथे ‘पी’ आहे तिथे थेट परवानगी, जिथे ‘सी’ किंवा ‘एस’ आहे तिथे अर्ज आणि सुनावणी. रकाना कोरा असेल तर नवखे लोक खूश होतात, की बंदी तर लिहिलेली नाही! बहुतेक नियमावल्यांत कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘मनाई’ असाच असतो.

एवढ्यावर थांबू नका. जनावरांचं प्रकरण झोनिंगच्या बाहेर, निराळ्या भागात असतं, आणि आरोग्याचं आणखी तिसरीकडे. मॅसॅच्युसेट्समध्ये ५ एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवरच्या व्यावसायिक शेतीला राज्याचा कायदा झोनिंगच्या मनाईपासून बऱ्यापैकी संरक्षण देतो. पण त्याच राज्यात ५,००० पेक्षा जास्त वस्तीच्या गावात तबेल्यासाठी स्थानिक आरोग्य मंडळाचा परवाना लागतो. म्हणजे एका खिडकीवर ‘हो’ मिळालं तरी दुसरी खिडकी उरतेच.

राइट टु फार्म कायद्याचं नाव तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल. पन्नासही राज्यांत तो कुठल्या ना कुठल्या स्वरूपात आहे हे खरं. पण तो प्रामुख्याने चालू असलेल्या व्यावसायिक शेतीला शेजाऱ्यांच्या उपद्रवाच्या दाव्यांपासून वाचवतो. हौसेने पाळलेल्या एका घोड्यासाठी त्याच्या भरवशावर बसू नका.

पायरी ४: जमिनीचं गणित

इथे घाई केली की सगळं फसतं, म्हणून जरा सावकाश.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आपल्या हिशेबात ४० गुंठे, दर गुंठा १,०८९ चौरस फूट. आता समजा तुमचा तुकडा १५० फूट रुंद आणि २९० फूट खोल आहे. दलाल त्याला बिनदिक्कत ‘वन एकर लॉट’ म्हणेल. गुणाकार करा: ४३,५०० चौरस फूट. ६० चौरस फूट कमी. नियमात ‘किमान एक एकर’ असेल तर तुम्ही नियमात बसत नाही, आणि खिडकीवरचा माणूस कितीही भला असला तरी ते ६० फूट तो स्वतःच्या अधिकारात सोडू शकत नाही.

त्यात क्षेत्रफळ एकूण धरायचं की निव्वळ, हा प्रश्न आहेच. निव्वळ धरायचं असेल तर रस्त्याकडे गेलेली पट्टी, वहिवाटीचे हक्क, कधी तीव्र उतार हे वजा होतात. कागदावरचा सव्वा एकर मग एकराखाली येतो.

घोड्यांची संख्या क्षेत्रफळावरून ठरते. नियम साधारण अशा धाटणीचे असतात: पहिल्या घोड्याला एक एकर, पुढच्या प्रत्येकाला अर्धा. तुमचं क्षेत्रफळ १.४ एकर असेल तर उत्तर एक घोडा. अपूर्णांक वर नेत नाहीत, खाली आणतात.

आता अंतरं, म्हणजे सेटबॅक. तबेला हद्दीपासून अमुक फूट, शेजाऱ्याच्या राहत्या घरापासून तमुक फूट, विहिरीपासून आणखी काही. आपल्याच १५० फूट रुंद तुकड्यावर बघा. बाजूच्या दोन्ही हद्दींपासून ५० फूट सोडायचे असतील तर मध्ये ५० फुटांचा पट्टा उरतो आणि तबेला आरामात बसतो. नियम ७५ फुटांचा असेल तर उरतं शून्य. क्षेत्रफळ पुरेसं असूनही जमिनीच्या आकारामुळे घोडा बाद! लांबट, चिंचोळ्या तुकड्यांचं हेच होतं. म्हणून आकडेमोड डोक्यात करू नका, आलेख कागदावर जमीन मापात काढा आणि प्रत्येक अंतराची रेघ मारा. पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं तेही वाचा. काही गावं ते शेजाऱ्याच्या घराच्या भिंतीपर्यंत मोजतात, काही हद्दीपर्यंत. भिंतीपर्यंतचा नियम तुम्हाला आज सोयीचा वाटेल, पण शेजारी उद्या मागच्या बाजूला खोली वाढवू शकतो. त्या दिवशी तुमचा आधीचा तबेला नियमात राहतो का, हे आत्ताच विचारून घ्या. आणि फक्त तबेला मोजतात की मोकळा सोडायचा वाडा, कुंपण, उकिरडा यांचीही अंतरं वेगळी आहेत? बहुधा वेगळी असतात.

नकाशावर दोन गोष्टी नियमात नसल्या तरी स्वतः काढा. एक, सेप्टिक टाकीचं पाणी मुरवणारं क्षेत्र. त्यावर घोडा सोडायचा नाही. पाचशे किलोंच्या जनावराच्या टापांखाली माती दबते, नळ्या फुटतात, आणि दुरुस्तीत घोड्याच्या किमतीइतका पैसा जाऊ शकतो. दोन, पावसाचं पाणी कुठून कुठे वाहतं तो उतार.

संख्येबद्दल माझं ठाम मत आहे. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, एकटा ठेवला की बेचैन होतो, कुंपणाशी येरझाऱ्या घालतो, खिंकाळतो, आणि त्या खिंकाळण्यानेच तक्रारी सुरू होतात. म्हणून जमीन दोन घोड्यांची असेल तर परवानगी दोघांचीच मागा, घ्यायचा एकच असला तरी. एकाच घोड्याची जागा असेल तर सोबतीला शेळी किंवा गाढव चालतं का ते बघा, आणि त्यांची गणती वेगळी होते का तेही.

पायरी ५: एचओए आणि खरेदीखतातल्या अटी

वस्तीला घरमालकांची संघटना, म्हणजे एचओए असेल, तर तिचे नियम नगरपालिकेहून कडक असू शकतात, आणि त्या स्थितीत कडक नियम पाळावा लागतो. संघटना नसली तरी जुन्या खरेदीखताला चिकटून आलेल्या अटी असू शकतात. घर घेताना मालकी हक्क तपासणारी टायटल कंपनी ही कागदपत्रं देते, आपण सह्या करतो, वाचत नाही. आता वाचा. आणि उलटंही लक्षात ठेवा, एचओएच्या होकाराने नगरपालिकेचा नकार बदलत नाही. एचओएची अट मोडली तर नगरपालिका काही बोलणार नाही, पण संघटना दंड लावेल आणि कोर्टातही जाईल.

पायरी ६: खिडकीवर जा आणि लेखी घ्या

एवढा अभ्यास झाल्यावर नियोजन विभागात जा. तोंडी उत्तरावर घर घेऊ नका, घोडा तर नाहीच. तिथल्या प्लॅनरला विचारायचे प्रश्न असे:

या पार्सलचा विभाग आणि त्यावरचे थर कोणते? स्वतःच्या वापरासाठी घोडा ठेवणं थेट मान्य आहे की अर्ज लागतो? कमाल संख्या किती, आणि ती कोणत्या कलमानुसार? तबेला, वाडा आणि उकिरडा यांची अंतरं किती? आरोग्य खात्याचा किंवा जनावरांचा वेगळा परवाना लागतो का? या पत्त्यावर आधीची एखादी तक्रार किंवा नियमभंगाची नोंद आहे का?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. आधीच्या मालकाचा बेकायदा तबेला तुमच्या नावावर आला, तर तो पाडण्याची नोटीसही तुमच्याच नावाने येते.

उत्तरं मिळाली की त्याच संध्याकाळी ईमेल करा, ‘आज झालेल्या बोलण्यानुसार मला असं समजलं’ म्हणून कलमांच्या क्रमांकांसह लिहा आणि दुजोरा मागा. त्याहून पक्का कागद म्हणजे झोनिंग व्हेरिफिकेशन लेटर. थोडी फी भरून बऱ्याच ठिकाणी ते मिळतं. घर अजून घ्यायचं असेल तर खरेदीच्या करारात अट घाला, की घोडा ठेवता येईल असं लेखी मिळालं नाही तर करार मोडता येईल. दलालाच्या जाहिरातीतल्या ‘हॉर्स प्रॉपर्टी’चा अर्थ कधीकधी इतकाच असतो, की पूर्वी इथे कोणीतरी घोडा ठेवला होता.

पायरी ७: चार वाटांपैकी तुमची कोणती?

थेट मान्यता असेल तर उत्तम, बांधकामाचा परवाना घ्या आणि पुढे चला. काही गावांत दर वर्षी नूतनीकरणाचा जनावरांचा परवाना लागतो, तो किरकोळ असतो.

दुसरी वाट कंडिशनल यूज परमिटची. काही गावांत तिला स्पेशल परमिट किंवा स्पेशल एक्सेप्शन म्हणतात. इथे घोडा तत्त्वतः मान्य असतो, पण तुमच्या जागेवर तो शेजाऱ्यांना त्रास न देता राहील का, हे सुनावणीत तपासतात आणि अटी घालतात. तयारी केली तर ही वाट चांगली आहे. ही परवानगी साधारणपणे जमिनीबरोबर राहते, म्हणजे घर विकलं तरी पुढच्या मालकाकडे जाते, आणि ते घराच्या किमतीतही दिसतं.

तिसरी वाट व्हेरियन्सची, म्हणजे नियमातून सूट. इथे नवखे सर्वांत जास्त फसतात. ‘मुलीला फार आवड आहे’, ‘आम्ही नीट सांभाळू’, ‘६० फुटांचाच तर प्रश्न आहे’ हे सगळं खरं असलं तरी उपयोगाचं नाही. सूट मागताना अडचण जमिनीची असावी लागते, माणसाची नाही: विचित्र आकार, खडक, उतार, अशी गोष्ट जी आजूबाजूच्या तुकड्यांना नाही आणि तुम्ही स्वतः ओढवून घेतलेली नाही. शिवाय अनेक राज्यांत व्हेरियन्स मोजमापाला मिळतो, वापराला मिळत नाही. म्हणजे ७५ फुटांऐवजी ६५ फूट मिळू शकतील, पण घोडा जिथे मुळात मान्य नाही तिथे तो व्हेरियन्सने आणता येत नाही.

चौथी वाट विभागच बदलून घेण्याची. एका घोड्यासाठी तिच्या मागे लागू नका. खर्च मोठा, वेळ मोठा, आणि एकट्या तुकड्याला वेगळा विभाग देणं कोर्टात टिकत नाही अशी प्रकरणं कमी नाहीत.

नियम बदलण्याच्या आधीपासून त्या जागेवर कायदेशीरपणे घोडे असतील, तर जुना वापर चालू ठेवता येतो. पण तो मध्ये ठराविक काळ बंद पडला, अनेक ठिकाणी सहा महिने किंवा एक वर्ष, तर हक्क संपतो. रिकामा, कोळिष्टकं लागलेला तबेला पाहून ‘हक्क आहेच’ असं धरू नका. शेवटचा घोडा कधी होता याचा पुरावा मागा: पशुवैद्याची बिलं, गवताच्या पावत्या, जुने फोटो.

एक अपवाद वेगळा आहे. अपंगत्वामुळे मदतनीस म्हणून प्रशिक्षित केलेल्या छोट्या घोड्याचा प्रश्न झोनिंगपुरता राहत नाही, तिथे केंद्राचे अपंग हक्क आणि निवासाचे कायदे येतात. अशा वेळी वकिलाचाच सल्ला घ्या. आणि ही वाट नुसत्या हौसेसाठी वापरू नका.

पायरी ८: अर्जाची फाइल, आणि तिच्यात लीद

मापात काढलेला नकाशा, तबेल्याचं चित्र, कुंपणाचा प्रकार, पाण्याची सोय, गवत साठवण्याची जागा, दिवे कुठे आणि कोणत्या दिशेने, हे सगळं फाइलमध्ये असतं. कुंपणात काटेरी तार नको. अनेक निवासी विभागांत ती चालत नाही आणि घोड्याला तर ती घातकच. घोडा न्यायचा ट्रेलर कुठे उभा करणार तेही दाखवा, कारण घरापुढे ट्रेलर ठेवण्याचा नियम स्वतंत्र असतो आणि पहिली तक्रार पुष्कळदा त्यावरूनच येते.

पण फाइलचा जीव लिदीच्या योजनेत आहे. सुमारे ४५० किलोंचा घोडा दिवसाला लीद आणि मूत्र मिळून अंदाजे २२ किलो टाकतो. वर्षाला आठ टनांच्या वर, आणि त्यात खाली अंथरलेला लाकडाचा भुसा धरलेला नाही. दोन घोडे म्हणजे दुप्पट. सुनावणीला येणाऱ्या शेजाऱ्याच्या मनात हाच ढीग असतो, तोंडाने तो ‘वस्तीचं स्वरूप’ वगैरे म्हणत असला तरी.

म्हणून योजनेत आकड्यांत लिहा. लीद रोज उचलणार. कुठे ठेवणार: झाकलेल्या, पक्क्या तळाच्या कप्प्यात, विहीर आणि ओढ्यापासून दूर, पावसाचं पाणी आत येणार नाही अशा उंचवट्यावर. किती दिवसांनी हलवणार: उन्हाळ्यात माशीचं अंडं ते माशी हे चक्र सात ते दहा दिवसांत पुरं होतं, म्हणून उचलून न्यायची असेल तर आठवड्याच्या आत. हा एक हिशेब लिहिलात की सुनावणी घेणाऱ्या मंडळाला कळतं की समोरच्याने विचार केला आहे.

खत करणार असाल तर तीन कप्पे ठेवा: एक भरताना, एक कुजताना, एक तयार. ढिगाच्या आतलं तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत काही दिवस राहिलं आणि ढीग उलटापालटा केला, तर जंतांची अंडी आणि तणाचं बी बरंचसं मरतं, वासही कमी होतो. ढीग फार कोरडा किंवा चिंब असेल तर हे होत नाही. तयार खत शेजाऱ्यांना बागेसाठी देणं हा चांगला मार्ग आहे, पण एक धोका आहे. गवताच्या शेतावर फवारलेली काही तणनाशकं घोड्याच्या पोटातूनही शाबूत बाहेर पडतात आणि खतातून टोमॅटोची, शेंगांची रोपं वाकडी करून टाकतात. गवत विकणाऱ्याला फवारणीबद्दल विचारा, नाहीतर भेट म्हणून दिलेलं खतच भांडणाचं कारण ठरेल.

ही योजना बनवायला मदत मिळते. माती-पाण्याच्या संवर्धनाचं काम करणारं स्थानिक कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट आणि विद्यापीठांची एक्स्टेन्शन, म्हणजे शेतीविस्तार सेवा बहुधा अल्प दरात किंवा फुकट सल्ला देतात, कधी प्रत्यक्ष जागेवर येऊन. त्यांचा कागद फाइलला जोडला तर वजन वाढतं.

पायरी ९: शेजारी आणि सुनावणी

सुनावणीची नोटीस आसपासच्या जमीनमालकांना टपालाने जाते. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्याने किमान ३०० फुटांच्या आतल्या सगळ्यांना, निदान १० दिवस आधी. शेजाऱ्याला तुमच्या घोड्याची बातमी या नोटिशीतून कळली तर तो आधीच दुखावलेला असतो. अर्ज भरण्याआधी नकाशा घेऊन स्वतः जा. तबेला कुठे असेल, ढीग कुठे असेल, वारा बहुधा कोणत्या दिशेने वाहतो ते दाखवा. तो म्हणाला की ढीग माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येतोय, तर जागा बदला, आणि बदललेली जागाच अर्जात दाखवा. लगतच्या दोन-तीन घरांनी ‘आमची हरकत नाही’ असं लिहून दिलं तर ते गावभरच्या शंभर सह्यांपेक्षा मोलाचं.

सुनावणीत बोलायला वेळ मोजका मिळतो, तीनच मिनिटं धरून चाला. घोड्यांवरचं प्रेम, लहानपणीच्या आठवणी, आपल्या इतिहासातलं घोड्यांचं स्थान, हे घरी ठेवा. नियमाचं कलम, तुमचं अंतर, लिदीची व्यवस्था, शेजाऱ्याच्या शंकेवर तुम्ही केलेला बदल, एवढं बोला. आपली मंडळी मोठ्या संख्येने सोबत नेण्याचा मोह होतो, पण लांबून आलेल्या वीस जणांनी काही साधत नाही. विरोधकाशी थेट वाद घालू नका, अध्यक्षांकडे बघून उत्तर द्या.

मंडळ अटी सुचवेल: झाडांची आडोशाची रांग, एक घोडा कमी, दोन वर्षांनी फेरतपासणी. जमण्यासारख्या असतील तर तिथल्या तिथे मान्य करा.

पायरी १०: होकारानंतर

परवानगीचं पत्र नीट वाचा. ठराविक मुदतीत काम सुरू केलं नाही तर ती संपते, बऱ्याच ठिकाणी ही मुदत एक वर्षाची असते. तबेल्याला बांधकामाचा परवाना लागतो का ते बघा. छोट्या शेडला तो माफ असला तरी अंतराचे नियम माफ नसतात. एका सरासरी घोड्याचा कप्पा १२ बाय १२ फूट लागतो, म्हणजे १४४ चौरस फूट, आणि दोन कप्पे व गवताची जागा धरली की ‘छोटी शेड’ सहसा राहत नाही. घराच्या विमा कंपनीलाही कळवा. घोडा कुंपण ओलांडून रस्त्यावर गेला तर होणारं नुकसान तुमच्या पॉलिसीत आहे का, हे लेखी विचारा.

आणखी एक सापळा. मैत्रिणीचा घोडा तुमच्याकडे ठेवला आणि ती महिन्याला काही पैसे देते. तुमच्या दृष्टीने ती मदत, गावाच्या दृष्टीने तो व्यावसायिक तबेला, आणि त्याला बहुधा वेगळी, जास्त अवघड परवानगी. वाढदिवसाला पैसे घेऊन मुलांना फेऱ्या मारून आणणं, शिकवण्या घेणं, हेही त्यातच.

नकार आला तर पत्रातली अपिलाची तारीख आधी बघा. मुदत काही आठवड्यांचीच असते आणि ती उलटली की चांगला मुद्दाही ऐकला जात नाही. नकाराची कारणं अंतराची किंवा लिदीच्या व्यवस्थेची असतील तर अपिलापेक्षा सुधारलेला नवा अर्ज स्वस्त पडतो, फक्त तोच अर्ज पुन्हा करायला किती महिने थांबावं लागतं ते विचारा. कारण विभागाचंच असेल, तर त्या घरामागे घोडा यायचा नाही. मग दुसऱ्याच्या तबेल्यात घोडा ठेवणं किंवा कोणाचा घोडा आठवड्यातले काही दिवस भाडेकरारावर घेणं, हे दोन पर्याय उरतात.